मंडईत कोण कोणाला भेटतं?

मंडईत सगळे सारखे, हे वाक्य पुण्या-मुंबईच्या आठवणी लिहिणाऱ्यांच्या लेखणीतून इतक्या सहज उतरतं की ते तपासून पाहावं असं कुणाला वाटत नाही. वाड्याची मालकीण आणि तिच्याकडे धुणीभांडी करणारी बाई एकाच ओल्या फरशीवरून चालतात, एकाच ढिगातली वांगी हातात घेऊन पाहतात आणि भाजीवाली दोघींनाही सारखंच सुनावते. पुण्यात तर या सुनावण्याचं इतकं कौतुक की मंडईला विद्यापीठ म्हणण्याची रीत पडली. शहर जातीने आणि पगाराने कितीही कापलेलं असो, भाजी घ्यायला सगळे एका ठिकाणी येतात आणि तेवढा वेळ तरी एका पातळीवर असतात, असा हा समज. आता जुन्या मंडया मोडकळीला आल्या आहेत, भाजी दहा मिनिटांत दारात येते आणि हाच समज हळहळ होऊन पुन्हा पुन्हा वर येतो. काय हातचं जातंय हे कळायचं असेल तर आधी काय होतं ते नीट पाहायला हवं.

जगात या प्रश्नाचा अभ्यास बराच झाला आहे. त्यात सर्वांत आशावादी सूर अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एलायजा अँडरसन यांचा. फिलाडेल्फियाच्या रीडिंग टर्मिनल मार्केटमध्ये (ही मंडई १८९३ सालची) ते वर्षानुवर्षं जाऊन बसले, जेवले, लोकांचं बोलणं ऐकत राहिले. त्यातून २०११ साली ‘द कॉस्मोपॉलिटन कॅनपी’ हे पुस्तक आलं. एरवी ज्या शहरात काळी आणि गोरी माणसं एकमेकांची नजर चुकवून चालतात, तिथे या बाजारातल्या खाण्याच्या काउंटरवर ती शेजारी बसतात, समोरच्याच्या ताटात काय आहे ते विचारतात, कुठला मासा ताजा ते सांगतात. अन्न हे बोलायला मिळालेलं निमित्त. अँडरसन अशा जागांना सर्वांवर धरलेल्या छताची उपमा देतात; पण ते छत फाटतं हेही लिहितात. काळ्या माणसाला एखाद्या क्षणी अचानक त्याची ‘जागा’ दाखवली जाते आणि मग तो सगळा मोकळेपणा किती वरवरचा होता ते उघडं पडतं.

इंग्लंडमध्ये सोफी वॉटसन आणि डेव्हिड स्टडर्ट यांनी आठ बाजारांचा अभ्यास करून २००६ मध्ये अहवाल दिला. त्यांना दिसलं ते अँडरसनपेक्षा साधं आहे आणि मला जास्त पटणारं. बाजारात लोक एकमेकांचे मित्र होत नाहीत, त्यांना एकमेकांची सवय होते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी भाजीवाल्याशी होणारं दोन मिनिटांचं बोलणं हे कधीकधी दिवसातलं एकमेव बोलणं असतं. नव्याने आलेल्या स्थलांतरितांना दुकान थाटायला हीच जागा परवडते. मोठ्या शहरात परक्याच्या सहवासाची सवय असणं ही लहान गोष्ट नव्हे.

याच्या उलट बाजूला भूगोलाच्या अभ्यासक गिल व्हॅलेंटाइन उभ्या आहेत. २००८ सालच्या एका गाजलेल्या निबंधात त्यांनी विचारलं की दाराशी सभ्यपणे हसणं म्हणजे मनातून आदर असणं, हे कुणी ठरवलं? माणसं रांगेत एकमेकांना पुढे जाऊ देतात आणि घरी जाऊन त्याच समाजाबद्दल वाटेल ते बोलतात. सहवासाने पूर्वग्रह जातो या म्हणण्याचा मूळ आधार मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांचं १९५४ चं पुस्तक. पण ऑलपोर्टने नुसत्या सहवासाचा दावा केलाच नव्हता. दोन्ही बाजूंचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट सामायिक हवं, ते गाठताना एकमेकांची मदत लागायला हवी आणि या सगळ्याला कायद्याचा किंवा वरच्या सत्तेचा पाठिंबा हवा, अशा त्याच्या चार अटी होत्या. मंडईला या अटी लावून पाहिल्या की पहिल्याच अटीशी अडखळायला होतं. पाटीमागे बसलेली बाई आणि पाटीपुढे उभी असलेली बाई यांचा दर्जा समान कधी होता?

फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ मिशेल द ला प्रादेल यांनी प्रोव्हान्समधल्या कार्पान्त्रा या गावच्या शुक्रवारच्या बाजारावर लिहिताना याचं एक उत्तर दिलं आहे. बाजारात सगळे समान असल्यासारखे वागतात. तो त्या जागेचा रिवाजच आहे. डॉक्टर असो वा मजूर, रांगेत नंबर एकच आणि थट्टा दोघांचीही. हा खेळ आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि बाजार उठला की प्रत्येक जण आपापल्या पायरीवर परततो. पण हा खेळ सगळ्यांना खेळता येतो, याचंही काही मोल आहे असं त्या मानतात. मीही मानतो. फक्त आपल्याकडे हा खेळ कोणकोणत्या नियमांनी खेळला जातो, ते फ्रान्सकडे पाहून कळणार नाही.

आपल्याकडे बाजाराचा अभ्यास जुना आहे. धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. आर. गाडगीळ यांनी पुण्यातल्या फळबाजाराची पाहणी १९३३ साली गोखले इन्स्टिट्यूटतर्फे प्रसिद्ध केली. इरावती कर्वे आणि हेमलता आचार्य यांचं आदिवासी, ग्रामीण आणि शहरी भागांतल्या आठवडे बाजारांवरचं पुस्तक १९७० मध्ये डेक्कन कॉलेजने काढलं. बाजार म्हणजे भाव आणि आवक एवढंच नाही, वेगवेगळ्या समाजांच्या माणसांनी ठरावीक वारी एकत्र येण्याची ती जागा आहे, हे कर्वे-आचार्य यांच्या पुस्तकाच्या विषयातच गृहीत होतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा नाशिकला गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात उभं राहिलं तर ते आजही डोळ्यांना दिसतं.

पण पालिकेची पक्की मंडई ही आठवडे बाजारापेक्षा वेगळी चीज आहे. ती राज्यकर्त्यांनी बांधली, आणि बांधताना शहराला वळण लावायचा हेतू त्यात होता. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या नावाची मंडई १८६९ सालची. तिच्या प्रवेशद्वारावरची शिल्पं लॉकवूड किपलिंग यांची; त्यांत शेतात राबणारी इथलीच माणसं आहेत. पुण्यात शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या मैदानात भरणारा भाजीबाजार उठवून १८८६ मध्ये रे मार्केट उभं राहिलं, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने. या इमारतीच्या खर्चाला नगरपालिकेत जोतीराव फुल्यांचा विरोध होता. एवढा पैसा गरिबांच्या शिक्षणावर घालावा, असं त्यांचं म्हणणं. फुलांच्या धंद्यावरून ज्यांच्या घराण्याला नाव मिळालं, आणि ज्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून कुणब्याच्या लुबाडणुकीचा हिशेब मांडला, त्या माणसाला भाजीबाजार कळत नव्हता असं कुणी म्हणणार नाही. छप्पर कुणाच्या पैशाने आणि कुणाच्या सोयीसाठी, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे आचार्य अत्रे नगरसेवक असताना त्यांच्या पुढाकाराने या मंडईला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटचंही अधिकृत नाव आज महात्मा जोतिबा फुले मंडई असंच आहे. दोन शहरांच्या दोन मुख्य मंडयांना त्यांचं नाव आहे, मग त्यांचा प्रश्नही तिथे विचारलाच पाहिजे.

आता मंडईच्या आत येऊ. पुण्याच्या मंडईत थोडा वेळ काढला की लक्षात येतं, इथे एक बाजार नाही, एकावर एक रचलेले अनेक आहेत. आतल्या गाळ्यांवर निवडक माल: एकसारखे टोमॅटो, पुसून मांडलेली वांगी, परदेशी ब्रोकोली, चढा भाव. इमारतीबाहेर जमिनीवर बसणाऱ्यांकडे तीच भाजी थोडी स्वस्त. आणखी कडेला, आजूबाजूच्या गावांतून पालेभाजी घेऊन आलेल्या बायका. त्यांच्याकडे तराजूदेखील नसतो, जुडी किंवा वाटा एवढंच माप. मग दिवसाची वेळ. सकाळी येतो तो ताज्याला पैसे मोजणारा. संध्याकाळी कचेऱ्या सुटल्यावर येतो तो घाईत असतो, घासाघीस करत नाही. आणि रात्री आठनंतर, बायका पोती झटकायला लागल्या की भाव कोसळतो. दहाला एक म्हणून विकलेली मेथीची जुडी आता वीसला तीन. दबलेले टोमॅटो, डागाळलेली सिमला मिरची, तुटकी फरसबी यांचे वाटे लागतात. या वेळी येणारी माणसं वेगळी असतात: दवाखान्यांतल्या मावश्या, पोळीभाजी केंद्रांत राबणाऱ्या, वॉचमनची कुटुंबं, एका खोलीत पाच-सहा जण राहणारी मुलं. वाटा घेणारी बाई तो हाताने विस्कटून आतला माल पाहते, दोन सडके टोमॅटो बाजूला काढते आणि विकणारी न बोलता दुसरे दोन टाकते.

वाड्याची मालकीण आणि तिची कामवाली एकाच मंडईत येतात हे खरंच आहे. पण एक सकाळी दहाला गाळ्यावर येते आणि दुसरी रात्री साडेआठला पाटीपाशी. एका छपराखाली असूनही त्यांची गाठ पडत नाही. मग हे सारं फोल म्हणायचं का? मुळीच नाही. गरिबाला शहराच्या मध्यात, चालत येण्याच्या अंतरावर, परवडेल असं ताजं अन्न मिळतं ते याच उतरंडीमुळे. श्रीमंत गिऱ्हाईक सकाळी चढा भाव देतं, त्यात विक्रेत्याचा दिवस निघतो आणि म्हणून रात्रीचा माल पडत्या भावात सोडायला तो तयार होतो. ही वर्गांची सरमिसळ भावांच्या पोटात दडलेली आहे. दोन वर्ग एकमेकांना न पाहताही एकमेकांच्या ताटाशी जोडलेले असतात. सुपरमार्केट हा दुवा तोडतं, कारण तिथे उरलेला माल गरिबाच्या पिशवीत जायची वाट नसते.

माणसं खरोखर समोरासमोर येतात ती गिऱ्हाईक आणि विक्रेता म्हणून, आणि माझ्या मते या प्रश्नाचं काळीज तिथे आहे. अभ्यासकांचं लक्ष बहुधा गिऱ्हाइका-गिऱ्हाइकांतल्या सरमिसळीवर असतं. मंडईत मध्यमवर्गीय माणूस कष्टकरी माणसापुढे अशा अवस्थेत उभा असतो जिथे समोरच्याला जास्त कळतं. मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी मोरोक्कोतल्या सेफ्रू गावच्या बाजाराबद्दल १९७० च्या दशकाअखेरीस लिहिलं, की बाजारात सर्वांत दुर्मीळ वस्तू म्हणजे खात्रीची माहिती, आणि म्हणूनच गिऱ्हाईक एकाच विक्रेत्याला धरून राहतं. आपल्या ठरलेल्या भाजीवालीचं नेमकं हेच. ‘ताई, आज गवार घेऊ नका, जून आहे, उद्या गावाकडची येईल’ असं ती सांगते तेव्हा विश्वास ठेवणाऱ्याला तिच्या शब्दाची किंमत करावी लागते. उधारी राहते, कढीपत्ता वरून पडतो, मुलाच्या दहावीची चौकशी होते. नातं बरोबरीचं नसतं. पण घरात काम करणाऱ्या बाईशी असलेल्या नात्याहून ते निराळं असतं, कारण इथे ती स्वतःच्या जागेवर बसलेली असते आणि ‘परवडत नसेल तर पुढं जा’ म्हणायचा हक्क तिला असतो.

हे सर्वांत स्पष्ट दिसतं ते मासळी बाजारात. पालिकेच्या मंडईतला कोळणीचा ओटा उंच असतो. ती वर बसते आणि गिऱ्हाईक खाली उभं. माहीम असो की दादर, सारस्वत, सीकेपी, पाठारे प्रभू, ख्रिस्ती, मुसलमान, बंगाली अशा सगळ्या घरांतली माणसं त्या ओट्यापुढे येतात. पापलेटाचे कल्ले उघडून दाखवणं, बोंबलाचा भाव सांगून गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहणं, पहिला देकार ऐकून तो धुडकावणं यात कोळणीचा जो ताठा दिसतो तो तिच्या स्वभावाचा भाग म्हणून सिनेमा-नाटकांनी रंगवला. तो ओट्यावरच्या हक्कातून येतो. परवाना तिच्या नावावर आहे, आधी आईच्या नावावर होता, आणि कुणी तिला सहजासहजी उठवू शकत नाही. तीच कोळीण पाटी घेऊन एखाद्या सोसायटीच्या फाटकाशी बसली की तिचा आवाज उतरतो. तिथे वासाची तक्रार होते आणि वॉचमन तिला पुढे सरकवतो.

आपल्या मंडईत वर्गाबरोबर जात आणि धर्मही असतो, हे सांगायला वेगळा पुरावा लागत नाही. भाजीत माळी आणि मराठा, फळांत बागवान, मटणात खाटीक, मासळीत कोळी अशी जुनी वाटणी आहे. शाकाहारी आणि मांसाहारी माल वेगळ्या इमारतींत. तरीही फळं घेताना बागवानाच्या हातच्या आंब्यावर पुण्याच्या सदाशिव पेठेने विश्वास ठेवला, तो किती पिढ्या! व्हॅलेंटाइन यांची शंका इथे आठवते. २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीच्या पहिल्या महिन्यात, मुसलमान भाजी-फळविक्रेत्यांकडून माल घेऊ नका अशी हाक देशात अनेक ठिकाणी दिली गेली, काही गल्ल्यांत त्यांना नावं विचारली गेली. पिढ्यांची सवय काही आठवड्यांत मोडू शकते. ऑलपोर्टची चौथी अट, वरच्या सत्तेचा पाठिंबा, किती कळीची आहे ते तेव्हा दिसलं.

या अटीचं आपल्या इतिहासातलं सर्वांत ठळक उदाहरण मंडईतलं नाही, चहाच्या दुकानातलं आहे. कोल्हापुरात संस्थानच्या चाकरीत असलेल्या गंगाराम कांबळे यांना सवर्णांच्या पाण्याला हात लावला म्हणून मारहाण झाली. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथे थांबून चहा घेऊ लागले. बरोबरच्यांनाही घ्यायला लावू लागले. महार माणसाच्या हातचा चहा कोल्हापूरने प्यायला तो राजाने गाडी थांबवली म्हणून. एका जागी येऊन खाण्यापिण्याने आपोआप काही वितळत नसतं. जागा कुणाच्या मालकीची आहे आणि तिच्यामागे कोण उभं आहे, यावर सगळं ठरतं.

मंडईच्या बाहेरचा बाजार, म्हणजे स्टेशनाजवळचे फेरीवाले, हा मुंबईचा खरा अन्नबाजार आहे. डोंबिवली, दादर, बोरिवली. संध्याकाळी लोकलमधून उतरलेली बाई निवडलेली मेथी, चिरलेली फरसबी, सोललेला लसूण घेते. तिने नुसती भाजी घेतलेली नसते, दुसऱ्या बाईच्या दुपारचे दोन तास घेतलेले असतात. सोललेल्या कडव्या वालांचंच पाहा: भिजवणं, मोड आणणं, एकेक दाणा दाबून साल काढणं. बिरड्याचा अभिमान बाळगणाऱ्या कितीतरी घरांत ते बिरडं आज स्टेशनाबाहेर बसलेल्या बाईच्या बोटांवर चालतं. नोकरी करणाऱ्या मध्यमवर्गीय बाईचं घर आणि पदपथावरच्या बाईचं घर एकमेकांवर इतकी अवलंबून, आणि तरी याच पदपथावरून फेरीवाला हटवा म्हणून अर्ज करणाऱ्यांत पहिल्या घराचे लोक असतात. जोनाथन अंजारिया यांनी ‘द स्लो बॉइल’ (२०१६) या पुस्तकात मुंबईच्या फेरीवाल्यांचं हे जगणं बारकाईने मांडलं आहे: परवाना नाही, म्हणून रोजचा हप्ता, रोजची धास्ती, आणि तरी त्यातूनच जागेवर सांगितलेला हक्क.

२०१४ च्या पथविक्रेता कायद्याने हा हक्क कागदावर आणला. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं, नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. कायदा चांगला आहे आणि त्याची अंमलबजावणी रडतखडत चालली आहे. एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २०१७ च्या सप्टेंबरमध्ये चेंगराचेंगरी झाली, त्यानंतर स्थानकापासून दीडशे मीटरच्या आत फेरीला बंदी आली. माणसं पुलावर मेली, पूल अपुरा होता, आणि भाजीवाली उठली.

बाजारातले आणखी काही लोक या चर्चेत सहसा येतच नाहीत, ते म्हणजे हमाल. पहाटे तीनला गाडी रिकामी करणारे, पाटी डोक्यावर घेऊन गिऱ्हाइकाच्या मागे चालणारे, कांदा निवडणाऱ्या बायका. पुण्यात बाबा आढाव यांनी १९५० च्या दशकात हमाल पंचायत उभी केली, पुढे १९६९ चा माथाडी कायदा झाला. हमाल पंचायतीच्या ‘कष्टाची भाकर’ केंद्रात स्वस्तात झुणका-भाकर मिळते आणि तिथे विद्यार्थी, रिक्षावाले, कारकून सगळेच जेवतात. वर्गांच्या सरमिसळीची माझ्या पाहण्यातली सर्वांत खरी जागा ती आहे. याचं कारण उघड आहे: ती जागा कष्टकऱ्यांच्या मालकीची, आणि इतर तिथे पाहुणे.

घाऊक बाजार शहराबाहेर नेण्याची लाट जगभर आली. पॅरिसचं ले आल १९६९ मध्ये रँजीसला हललं आणि जुन्या लोखंडी इमारती पाडल्या गेल्या. लंडनचं कव्हेंट गार्डन १९७४ मध्ये हललं. पुण्याचा घाऊक बाजार गुलटेकडीला गेला, आणि मुंबईत भायखळ्याची भाजी व क्रॉफर्ड मार्केटची फळं १९९६ मध्ये वाशीला. वाहतुकीच्या कोंडीसाठी ते गरजेचं होतं, यात शंका नाही. पण घाऊक बाजाराबरोबर पहाटेची वर्दळ जाते, किरकोळ विक्रेत्याचा गाडीभाड्याचा खर्च वाढतो, पडत्या भावाचा माल शहराच्या मध्यात पोचत नाही आणि हमालांची खाणावळ बंद पडते. उरते ती सुंदर इमारत. आणि सुंदर इमारतीवर दुसऱ्यांची नजर असते.

युरोपात हे पूर्ण झालेलं दिसतं. माद्रिदचं सान मिगेल मार्केट २००९ मध्ये नव्याने उघडलं ते उंची खाण्यापिण्याचं ठिकाण म्हणून. शेजारपाजारच्या लोकांची रोजची भाजी तिथून संपली. बार्सिलोनाच्या बोकेरियात पर्यटकांची इतकी गर्दी झाली की २०१५ मध्ये मोठ्या गटांना शुक्रवार-शनिवारी सकाळी बंदी घालावी लागली. सारा गोन्झालेझ आणि पॉल वॉली यांनी २०१३ मध्ये लीड्सच्या कर्कगेट मार्केटवर लिहिताना ही प्रक्रिया टप्प्याटप्प्याने दाखवली: पालिका आधी दुरुस्ती टाळते, गाळे ओस पडू देते, मग ‘बाजार मरत चालला’ असं जाहीर करते, आणि नवं रूप देण्याच्या नावाखाली भाडं वाढवते. आपल्या पालिकांच्या मंडयांत गळकं छत आणि तुंबलेली गटारं पाहिली की पहिला टप्पा ओळखू येतो.

आपल्याकडे मात्र मध्यमवर्ग मंडई काबीज करायला आलेला नाही. तो मंडई सोडून चालला आहे. आधी डी-मार्टसारखी दुकानं, मग ॲप. २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि शेतकरी आठवडे बाजार सुरू झाले. कोथरूड-बाणेरच्या मोठ्या सोसायट्यांच्या आवारात ते भरू लागले. शेतकऱ्याला थेट पैसा मिळतो, हे मनापासून स्वागत करावं असंच. पण फाटकाच्या आत भरलेल्या बाजारात फाटकाबाहेरचं गिऱ्हाईक येत नाही, आणि रात्री साडेआठचा वाटाही तिथे लागत नाही. ॲपवरून मागवलेल्या भाजीत तर विक्रेताच नाहीसा झाला. उरला तो पिशवी आणणारा मुलगा, ज्याला कित्येक इमारतींत सामानाच्या लिफ्टने वर पाठवतात. वर्गांची गाठ अजूनही रोज पडते, दाराच्या उंबऱ्यावर, दहा सेकंदं. भाजी जून आहे असं सांगण्याचा अधिकार त्या मुलाला नसतो. गिऱ्हाईक त्याला तारे देतं, त्याला गिऱ्हाइकाबद्दल बोलायची सोय नाही.

म्हणून ‘लोक मंडईत मिसळतात का’ या प्रश्नाला मी आता फार महत्त्व देत नाही. बसणाऱ्याची जागा पक्की आहे का, हे विचारलं की बाकीचं आपोआप कळतं. पूर्व लंडनच्या अप्टन पार्कमधलं क्वीन्स मार्केट पाडून मनोरे बांधायची योजना होती. स्थलांतरितांचा आणि गरिबांचा हा बाजार. तिथले भाव शेजारच्या सुपरमार्केटपेक्षा पुष्कळ कमी असल्याचं पाहणीत दिसलं होतं. विक्रेते आणि गिऱ्हाईक यांनी मिळून वर्षानुवर्षं झगडा दिला आणि २००९ मध्ये लंडनच्या महापौरांनी स्थानिक पालिकेला ती योजना नाकारायला लावली. मला यात लक्षणीय वाटतं ते हे, की एरवी वेगळ्या देशांतून आलेली, वेगळ्या भाषा बोलणारी ती माणसं एकत्र आली ती बाजार वाचवताना. सामायिक उद्दिष्ट आणि परस्परांची मदत, ऑलपोर्टच्या मधल्या दोन अटी, भाजी घेताना पुऱ्या झाल्या नव्हत्या, त्या मोर्चात झाल्या. मुंबईत पलटण रोडवरच्या छत्रपती शिवाजी मंडईतून घाऊक मासळीबाजार ऐरोलीला हलवायचं ठरलं, तेव्हा कोळी बायका रस्त्यावर उतरल्या. त्यांच्याकडून मासळी घेणाऱ्या घरांतून किती जण त्यांच्या बाजूने उभे राहिले?

पुण्यात २०२४ पासून भुयारी मेट्रो थेट मंडईपाशी थांबते. जमिनीचा भाव वाढेल, नव्या आराखड्यांची चर्चा होत राहील, आणि प्रत्येक आराखड्यात चकचकीत खाद्यचौक काढलेला असेल. असा आराखडा हाती आला की पाहायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. गाळ्याचं भाडं कोण ठरवणार आणि दर किती वर्षांनी. परवाना वारसाने बाईच्या नावावर होतो का. पहाटे फाटक किती वाजता उघडणार आणि रात्री किती वाजता बंद होणार, म्हणजे पडत्या भावाच्या वेळेला जागा आहे की नाही. गावाकडून जुड्या घेऊन येणाऱ्या, कुठल्याही यादीत नाव नसलेल्या बायकांना बसायला किती फूट ठेवले आहेत. आणि त्यांच्यासाठी स्वच्छतागृह कुठे आहे. कारण ते नसल्यामुळे दिवसभर पाणी न पिणाऱ्या बायका आज आपल्याला भाजी विकत आहेत.